पहिला तुकडा

रिपोर्टचा कागद टेबलावर मधोमध पडला होता आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. वाचायचं तरी काय होतं त्यात? माईंची साखर उतरलेली नाही, एवढंच. उतरलेली तर नाहीच, उलट मागच्या वेळेपेक्षा थोडी वरच सरकलीय. गेल्या हिवाळ्यात उजव्या पायाचं बोट गेलं होतं. आता त्याच पायाच्या तळव्याला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरून येत नव्हती. साखर अशीच राहिली तर पुढच्या खेपेला बोटावर भागायचं नाही, घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल, हे डॉक्टरांनी थोरल्या सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिने ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. माईंनाही सांगितलं. या घरात माईंपासून काही लपवायची पद्धत नव्हती.

रविवारची दुपार होती. बेकरीचं शटर अर्धं खाली ओढलेलं आणि दुकानामागच्या खोलीत सगळे जमलेले. माई त्यांच्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीत, भट्टीच्या दाराला लागून, दुखरा पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. ही खुर्ची आधी मामंजींची होती, स्वतः मळायचं सोडल्यावर ते तिथेच बसायचे. ते गेले त्या दिवसापासून माई तिथे बसल्या त्या बसल्याच, आणि तेव्हापासून बेकरीही त्यांची झाली. कुणी काही लिहून दिलं नाही की वाटून दिलं नाही. जो त्या खुर्चीत बसतो तो या घरात शेवटचा शब्द बोलतो, असं चालत आलं होतं.

थोरली उभीच होती. बसायला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण आजची पंचायत तिच्यावरच बसली आहे हे तिला दारातून आत येतानाच कळलं होतं.

पाच महिने तिने डोळ्यांत तेल घालून माईंचं पथ्य सांभाळलं होतं. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं तसं ताट. अर्ध्या ताटात भाज्या, उरलेल्याच्या निम्म्यात डाळ, अंडं नाहीतर मासा, आणि राहिलेल्या कोपऱ्यात भात किंवा कोंड्याचा पाव, तोही वजन करून. फळ अर्धंच. चहा बिनसाखरेचा. दोन खाण्यांमध्ये फार अंतर पडू द्यायचं नाही, आणि जेवल्यावर पाय साथ देईल तेवढं खोलीतल्या खोलीत चालायचं. ओट्यावर तिने छोटा काटा आणून ठेवला होता आणि त्यावर भातसुद्धा तोलायची, म्हणून धाकट्या दिराने तिचं नाव तागडीबाई ठेवलं होतं. सुरुवातीला ते नाव लाडाचं होतं. आज तिला ते कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"वहिनी, राग मानू नका," धाकटा म्हणाला, "पण कुठेतरी पाणी मुरतंय."

धाकटा दुकान सांभाळायचा. गिऱ्हाइकाशी गोड बोलायची सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरच्यांवर आरोप करतानाही तो पुडी बांधल्यासारखा नीटनेटका करायचा. त्याने सुचवलं की माईंनी काही दिवस त्याच्याकडे राहायला यावं, वरच्या मजल्यावर. त्याच्या बायकोच्या हाताला चव आहे आणि तिला पथ्यही जमेल. धाकटी माहेरी गेली होती म्हणून बरं. तिला हे कळलं असतं तर तिने नवऱ्याला तिथेच धारेवर धरलं असतं.

यावर वन्सं उसळल्या. थोरलीच्या या नणंदबाई शाळेत शिकवायच्या, आणि घरातही कुणी चुकलं की आवाज शाळेसारखाच लावायच्या. जिना चढून जायला माईचा पाय काय तुझा आहे का, असं त्यांनी भावाला विचारलं. मग माईंना आपल्याच घरी न्यायचा बेत मांडला. तळमजला आहे, दवाखाना समोर आहे, वगैरे वगैरे. थोरली ऐकत होती. माई जिथे जातील तिथे त्यांची खुर्ची जाईल आणि खुर्चीमागून बेकरी जाईल, हे या दोघांना कळत नव्हतं असं समजायला ती काही काल लग्न होऊन आलेली नव्हती.

"मी काय चोरून साखर घालते का त्यांना?" ती शेवटी म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी सांगा. कुणी काही दिलंय का माईंना? एखादं बिस्कीट? एखादा घास?"

कुणीही दिलं नव्हतं. धाकट्याने गळ्याला हात लावून सांगितलं. वन्सं म्हणाल्या, वाढदिवसाचा केकसुद्धा मी माईसमोर कापला नाही. आणि मग माई बोलल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पाव जळका निघाला तर गिऱ्हाइकाला आधी स्वतःच सांगणारी बाई ती.

"थोरलीने वाढलं त्याच्याबाहेर मी काही खाल्लेलं नाही," माई म्हणाल्या. "एक दाणा नाही."

झालं. आता दोष ताटातच असणार हे ठरलं. वन्सं उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. थोरलीला बाहेर उभं राहून एकेक डबा उघडल्याचा आवाज ऐकावा लागला. काट्यावर वाटी ठेवून, काढून, परत ठेवून वन्सं काटा खरा आहे का ते बघत होत्या. थोरलीच्या कानशिलांची आग झाली. वीस वर्षं या घरात घालवल्यावर आपल्या डब्यांची झडती व्हावी, याचं तिला रडू येत होतं, पण तिने ते गिळलं. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. डाळ तर जास्त होत नाही ना? मासा भाजताना पीठ लावते, त्याचं काय?

तेवढ्यात भट्टीच्या दारातून तिचा नवरा आला. थोरला. रविवार असला तरी संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठी त्याने भट्टीत मालाचा घाणा लावला होता, आणि त्यामुळे या सगळ्या बोलाचालीतून तो सोयीस्कर सुटला होता. हातात बशी. बशीत नुकत्याच निघालेल्या केकचा कोपऱ्याचा तुकडा. बोलणी आपोआप थांबली. वन्सं हातात डब्याचं झाकण घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. माईंनी बशी घेतली, डोळे मिटले, सावकाश चावलं आणि गिळलं.

"लावा," त्या म्हणाल्या.

थोरला बशी घेऊन आत गेला, आणि वन्संनी सांगितलं की काटा बरोबर आहे. मग तेल जास्त पडतं का यावर बोलणं सुरू झालं. धाकट्याने औषधांवर शंका घेतली. दुसरा डॉक्टर बघावा का, असंही निघालं. थोरली उत्तरं देत होती, देत होती, आणि बराच वेळ गेल्यावर थोरला परत आला. या वेळी बशीत गोड बनपाव होता, फाडून अर्धा केलेला. सगळे पुन्हा गप्प. माईंनी डोळे मिटले, चावलं, गिळलं.

"लावा."

थोरली त्या बशीकडे बघत राहिली.

"माई," तिने विचारलं, "तुम्ही आत्ता काय खाल्लंत?"

"कुठे काय खाल्लं?" माईंना प्रश्नच कळला नाही. "बन चाखला."

धाकट्याला हसू आलं. मग त्याचं हसू ओठांवरच राहिलं. वन्सं खुर्चीच्या पाठीला धरून हळूच खाली बसल्या. थोरल्याने हातातल्या रिकाम्या बशीकडे पाहिलं.

मामंजींचा नियम होता तो. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्याचा पहिला तुकडा खुर्चीतल्या माणसाने खायचा आणि 'लावा' म्हटल्याशिवाय माल दुकानात लावायचा नाही. थुंकायचं नाही. जे आपल्याला गिळवत नाही ते लोकांना विकायचं नाही, असं ते म्हणायचे. आणि पीठ मळणाऱ्याने चाखायचं नाही, कारण स्वतःच्या हातचं कुणाला वाईट लागतं? सकाळी केक आणि पाव, मग बन, मग बिस्किटं, दुपारी पुन्हा केक, संध्याकाळी टोस्ट. आहारतज्ज्ञ बाईंनी खोदून खोदून विचारलं होतं, सकाळपासून झोपेपर्यंत काय काय खाता ते सांगा. माईंनी सगळं खरं सांगितलं होतं. थोरलीने भर घातली होती. बशीचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. या घरात ते खाणं नव्हतंच, ते काम होतं. थोरल्याचे हात पिठात असले की ती बशी कितीदा थोरलीने स्वतः आणून दिली होती. भात काट्यावर तोलून वाढायचा आणि मागाहून केक नेऊन द्यायचा. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आता बंद करायचं, एवढंच तर होतं. पण ते बोलून दाखवल्याबरोबर घरातली सगळी पारडी फिरली. मघापर्यंत वहिनीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा धाकटा एकदम तिच्या बाजूने झाला. वहिनी बरोबर बोलतायत, माईंनी आता आराम करावा, चाखायचं काम मी बघतो, मी तर मळतही नाही. वन्संनी त्याचं मन ओळखलं आणि त्या माईंच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. काढून घ्या तिचं सगळं, बोट घेतलंत, आता हेही घ्या, असं म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

माई सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांचा चेहरा अगदी शांत होता, आणि थोरलीला त्याचीच भीती वाटली.

"पाय जायचा तर जाऊ दे," माई म्हणाल्या. "खुर्चीत बसायला पाय लागत नाही. माझी जीभ शाबूत आहे तोवर बशी माझ्याकडेच येईल. जीभ गेली की सांगा, मी आपणहून उठेन."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटून घेतले. डुलकी लागली की नुसतंच बोलणं संपवलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

सगळे आत भट्टीपाशी आले आणि थोरलीने मधलं दार लोटून घेतलं. आतमध्ये उकाडा होता, पिठाचा वास होता, ट्रे निवत ठेवले होते. थोरला तिकडे तोंड करून टोस्टचे काप सरळ करत बसला. ते सरळच होते.

धाकट्याने एक युक्ती काढली. माईसाठी वेगळा छोटा केक भाजायचा, बिनसाखरेचा, कोंड्याचा. बशीत तोच न्यायचा. तिचा मानही राहील आणि पायही. वन्सं म्हणाल्या, वेडा आहेस का तू? तिची जीभ ती. चिमूटभर मीठ कमी पडलं तर ट्रे परत पाठवणारी बाई. पहिल्या घासाला ओळखेल आणि आपल्या सगळ्यांच्या तोंडावर फेकेल.

"नाही ओळखायची," थोरला म्हणाला.

त्याने मान वर केली नव्हती. थोरलीला आधी वाटलं तो काहीतरी दुसरंच बोलतोय.

मग त्याने सांगितलं. थांबत थांबत, एकेक शब्द भट्टीतून ओढून काढावा तसा. पावसाळ्याच्या आधी एकदा तो पावात मीठ घालायलाच विसरला होता. सबंध घाण्यात मीठ नाही. मळताना लक्षात आलं नाही, बशी माईकडे गेल्यावर आठवलं. तो दारात उभा राहून शिव्या खायची वाट बघत होता. माईंनी डोळे मिटले, चावलं, गिळलं आणि म्हणाल्या, लावा. त्याने परत येऊन स्वतः एक तुकडा तोंडात घातला. नुसता लगदा. सगळा घाणा त्याने पोत्यात भरून फेकून दिला आणि भट्टी निवली होती म्हणून सांगितलं. थोरलीला तो दिवस आठवला. दुकानात पाव नव्हता आणि धाकटा दिवसभर भट्टीच्या नावाने खडे फोडत होता.

"तेव्हापासून मीच चाखतो," तो म्हणाला. "बशी तिला नेतो. माल मी ठरवतो."

डॉक्टरांनी मागे कधीतरी म्हटलं होतं, या दुखण्यात आणि इतक्या औषधांत तोंडाची चव जाऊ शकते. तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली होती. माईंच्या बाबतीत ते कुणी धरलंच नव्हतं.

"म्हणजे तो तुकडा फुकटचाच जात होता?" थोरलीने विचारलं. "सहा महिने? माझे डबे उघडून बघितले हो आज. आणि तुम्ही मूग गिळून बसलात."

"मला कुठे ठाऊक, ते खाण्यात धरतात म्हणून," तो म्हणाला. "मला वाटलं, तेवढं तरी तिचं राहू दे."

ती त्याच्यावर चिडली होती, जन्मात चिडली नव्हती एवढी. पण त्याच्या हनुवटीवर पिठाचा डाग होता, आणि पन्नाशीला आलेला तो माणूस बापाचा नियम मोडल्याच्या लाजेने मान खाली घालून बसला होता. 

आता दोनच वाटा उरल्या होत्या. एक म्हणजे माईंना खरं सांगायचं. जीभ गेली की सांगा, असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, आणि त्या शब्दाला जागल्या असत्या. त्याच संध्याकाळी खुर्चीतून उठल्या असत्या, पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजल्या असत्या, आणि मग त्या पायाचं काय करायचं होतं? दुसरी वाट धाकट्याची. थोरलीने सगळ्यांची तोंडं पाहिली.  धाकट्याला खुर्ची हवी होती, पण अशी नको होती. वन्सं पदराला नाक पुसत होत्या. निर्णय कुणालाच घ्यायचा नव्हता. ताट तिचं होतं, म्हणून बशीही तिचीच झाली.

"मी करते," ती म्हणाली. "पण माझ्या हातून होईल ते शेवटपर्यंत माझ्याच हातून होईल. मध्ये कुणी बोलायचं नाही."

वन्संनी पर्स उघडली. वजन वाढू नये म्हणून चहात टाकायच्या गोडव्याच्या गोळ्या त्या बाळगायच्या. ती डबी त्यांनी थोरलीच्या हातात ठेवली. मघाशी डबे उघडणारा तोच हात होता तो.

सकाळी थोरलीने केक केला. अंडी फेटून, कोंडा बारीक चाळून, गोळ्यांची पूड घालून. काट्यावर एकेक जिन्नस तोलला, सवयच होती. लहान भांड्यात तो कसाबसा फुगला. रंग यावा म्हणून थोरल्याने भट्टीत थोडा जास्त ठेवला. तिने एक कण जिभेवर ठेवून बघितला. ओल्या पुठ्ठ्याची चव, आणि मागून गोळीचा कडवटपणा. हे माईंपुढे न्यायचं?  पाच महिने तिने त्या ताटात एका चमच्याचीही फसवाफसवी केली नव्हती.

ती बशी घेऊन गेली तेव्हा धाकटा दुकानाच्या दारात होता आणि वन्सं, रात्री इथेच राहिलेल्या, खिडकीपाशी उभ्या होत्या. दोघंही भलतीकडेच बघत होते. थोरला भट्टीच्या दाराआड. माई आंघोळ करून, केस विंचरून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. कालच्या बोलण्याचा मागमूस नव्हता. त्यांनी बशी घेतली, डोळे मिटले आणि तुकडा तोंडात घातला.

नेहमीपेक्षा जास्त वेळ त्या चावत राहिल्या.  माईंनी डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"आज अगदी ह्यांच्या हातचा झालाय," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी. सांग त्याला."

भट्टीच्या दाराआड काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. वन्संनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"सांगते," थोरली म्हणाली.

माई अजून 'लावा' म्हणाल्या नव्हत्या. त्या बशीतल्या चुऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक लाजरं हसू आलं. ते थोरलीने याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"मी या खुर्चीत बसून कधी दुसरा तुकडा मागितला नाही," त्या म्हणाल्या. "पहिला काम म्हणून. दुसरा मागितला तर ते खाणं झालं. पण आज मागावासा वाटतोय गं. देशील? एवढासाच."

आत भांड्यात जवळजवळ सगळा केक शिल्लक होता. माईंनी तो सगळा संपवला असता तरी त्यांच्या पायाचं काही बिघडणार नव्हतं. थोरलीला तो अख्खा आणून त्यांच्या मांडीवर ठेवावासा वाटला. पण पाच महिने नाही म्हणणारी सून आज हो कशी म्हणाली, हे माईंच्या लगेच ध्यानात आलं असतं. त्यांची जीभ गेली होती, डोकं जागेवर होतं.

"नाही माई," ती म्हणाली. "ते खाणं होईल."

माईंनी समजल्यासारखी मान हलवली आणि बशी तिच्या हातात परत दिली.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "लावा."